टाळ्यांचे मोल

परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकांनी अरुणा शानबाग यांची जी सेवा केली, तिची स्तुती करण्याचा आपल्याकडे प्रघातच पडला आहे. ता. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तेथेच परिचारिका असलेल्या या बाईंवर एका सफाई कामगाराने अमानुष अत्याचार केला. त्या 18 मे 2015 पर्यंत शुद्धीवाचून जगल्या. साडेएकेचाळीस वर्षे त्यांना भरविणे, पुसणे, कूस पालटणे, सारे सहकारी भगिनींनी केले. सेवा असामान्यच होती. आमचा वाद आहे तो आपल्या टाळ्यांशी.

हे जगविणे दया की क्लेश, हा प्रश्न या स्त्रियांच्या हातांखाली रोज होता. तो विचारावयास संस्थेने त्यांना कोणती जागा दिली? ऐंशीच्या दशकात महापालिकेने खाट मोकळी करण्याकरिता अरुणाबाईंना हलविण्याचा दोनदा खटाटोप केला, तेव्हा परिचारिकांना निदर्शनेच करावी लागली. पुढे प्रश्न न्यायालयात गेला तोही बाहेरच्या एका लेखिकेच्या अर्जाने. 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अर्ज फेटाळला आणि अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयातील सेवकवर्गाचा मानला. वॉर्डात मिळावयाचा मान सदतीस वर्षांनी दिल्लीहून आला!

कोणी म्हणेल, 2018 च्या निकालाने व 2023 च्या सुधारणेने आता रुग्णालयांत वैद्यकीय मंडळांची सोय झाली आहे. खरे, परंतु ती मंडळे डॉक्टरांची. रात्रभर उशाशी बसणारीला तेथे आसन नाही. नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यावयाची तर 2019 च्या नियमांनी नोंदणीकृत नीतिसमिती सक्तीची आहे. उशाशी पडणाऱ्या प्रश्नाला तशी समिती नको काय?

आणि हे मुंबईपुरतेच नव्हे. म्हसळ्यासारख्या तालुक्याच्या गावी भर पावसात, मध्यरात्री, रुग्ण घोणसे घाटातून माणगावकडे धाडावा की त्याला येथेच शांतपणे जाऊ द्यावे? आज्ञा डॉक्टरांची, परंतु नातलगांच्या डोळ्यांना डोळा भिडवावयाचा तो परिचारिकेने. मन साशंक झाले तर तिने कोणास विचारावे? जिल्ह्याने अशा वेळी सल्ला देणारा एक जाणता माणूस नेमावा. महिन्यातून एकदा वॉर्डातील मंडळींनी दार लावून बसावे. आणि तेथे बोलल्यावरून कोणाची बदली होणार नाही, हे वरिष्ठांनी लेखी द्यावे. 12 मेच्या परिचारिका दिनी गुलाबाच्या फुलांवर होणाऱ्या खर्चाहून यास फार अधिक लागेल, असे आम्हांस वाटत नाही.