टॉवर बंद पडला तरी निरोप पोचला पाहिजे

सप्टेंबर २०२५ च्या पुरात धाराशिव जिल्ह्याच्या परंडा आणि भूम तालुक्यांतल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लोहारा-उमरग्याकडची गावे झोपेतच गाडली होती. अशा घडीला शेजारच्या वस्तीला सावध करणे सगळ्यात गरजेचे असते आणि नेमके तेच अडते. पन्नास पावलांवरच्या घरी करायचा फोनसुद्धा टॉवरवरून लांबच्या केंद्रात जाऊन परत येतो. टॉवरची वीज गेली किंवा केबल वाहून गेली, की दोन्ही चालू फोन मुके होतात. म्हणून धाराशिव जिल्ह्याने आपत्तीसाठी टॉवरशिवाय चालणारे, गावागावांतल्या छोट्या रेडिओ यंत्रांचे जाळे उभारावे, असे माझे ठाम मत आहे.

हे स्वप्नरंजन नव्हे. बर्लिनच्या फ्रायफुंक या नागरी वायफाय चळवळीतून अशा जाळ्यात निरोपाची वाट शोधणारी 'बॅटमॅन' नावाची पद्धत निघाली आणि २०११ पासून ती लिनक्स या संगणक प्रणालीचा भाग आहे. तिच्यात प्रत्येक यंत्र ठरावीक वेळाने क्रमांक घातलेली छोटी हाक देते. शेजारची यंत्रे ती पुढे सरकवतात आणि कोणाची हाक कोणत्या शेजाऱ्याकडून चांगली येते, एवढेच टिपून ठेवतात. संपूर्ण नकाशा कुणाकडेच नसतो. गावोगाव वाट विचारत जाणाऱ्या वाटसरूसारखा निरोप पुढे जातो. एखादे यंत्र बुडाले की त्याच्यामार्फत येणाऱ्या हाका थांबतात आणि बाकीची यंत्रे आपणहून दुसरी वाट धरतात. न्यूयॉर्कच्या रेड हूक वस्तीतले असेच जाळे २०१२ च्या सँडी वादळातही चालू राहिले.

दर टप्प्याला वेग घटतो, हा आक्षेप खरा आहे. पण 'पाणी चढतंय, शाळेत या' एवढ्या निरोपाला वेग लागतोच किती? खोटी वाट दाखवणारे यंत्र घुसवले जाईल ही भीतीही रास्त आहे; म्हणून फक्त ओळख पटलेल्या यंत्रांनाच जाळ्यात घ्यावे लागेल. गावोगाव इंटरनेटची केबल नेणारी सरकारची भारतनेट योजना असताना हे कशाला, असे काही जण म्हणतील. एका जागी तार तुटल्याने गाव तुटू नये म्हणून २०२३ च्या सुधारित भारतनेटमध्ये केबलचे वर्तुळ करायचे ठरले, हे चांगलेच झाले. पण पुरात दोन ठिकाणी केबल तुटली, की मधली गावे एकटी पडतात. खरी अडचण देखभालीची आहे. बॅटरी आणि सौर पॅनेल कोण पाहणार, हे ग्रामपंचायतीने आधी ठरवले नाही तर यंत्रे धूळ खात पडतील. जिल्हा नियोजन समितीने पावसाळ्याआधी सीना नदीकाठच्या गावांपासून सुरुवात करावी आणि यंत्रांबरोबर देखभालीचे पैसेही मंजूर करावेत.