खंडेनवमीचा हार आणि शाफ्टचा क्रॉस



दरवर्षी खंडेनवमीला आपण गाड्या धुतो, बोनेटला झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो. पुढे चार-आठ दिवसांत बॉयलर पेटतो आणि हंगामाची धावपळ सुरू होते. माझा प्रश्न साधा आहे. हार घालणाऱ्यांपैकी किती जण त्याच दिवशी गाडीखाली शिरून प्रोपेलर शाफ्ट हाताने हलवून बघतात? मी स्वतः कित्येक वर्षे बघितला नव्हता. म्हणूनच आज हे लिहितो आहे.

मी ऊस उत्पादक सभासद आहे, शिवाय एका ट्रकचा मालकही आहे. हंगामात ट्रक उसावर असतो, एरवी घोटीच्या भातगिरण्यांतला तांदूळ वाहतो. तीन हंगामांपूर्वी गाडीला थरथर सुरू झाली. साठच्या वेगाला केबिनच्या तळाशी घूंऽऽ असा आवाज यायचा आणि आरशात मागचे दिसेनासे व्हायचे. एका मेस्त्रीने सांगितले, टायर खराब आहेत. दोन टायर बदलले. दुसऱ्याने गिअरबॉक्सचे रबर बदलायला लावले. थरथर तशीच राहिली. ड्रायव्हर बिचारा सांगत होता, "शेठ, गिअर टाकला की खालून टक् वाजतं." मी म्हणालो, "हंगाम होऊ दे, मग बघू."

हंगाम संपायची वाट शाफ्टने बघितली नाही. दारणाकाठचा ऊस भरून गाडी रात्री घोटी-सिन्नर रस्त्याला लागली आणि एका चढावर क्रॉस तुटून शाफ्ट मागच्या बाजूने खाली पडला. इंजिन गरगरत राहिले आणि गाडी मागे सरू लागली. मोळ्यांवर टोळीतली चार माणसे बसली होती. ड्रायव्हरने ब्रेक दाबून धरला, क्लीनरने उडी टाकून चाकामागे दगड लावला, म्हणून निभावले. त्या रात्री कुणाला खरचटलेसुद्धा नाही, पण त्यात माझे शहाणपण काही नव्हते. नशीब होते.

असो. आता मुद्द्यावर येतो. युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे आपण ज्याला नुसता क्रॉस म्हणतो, तो काही अवघड वस्तू नाही. गिअरबॉक्स चासीला पक्का असतो आणि मागचा हौसिंग पाट्यांवर वर-खाली होत असतो. या दोघांमध्ये फिरणारा शाफ्ट वाकत्या कोनातून जोर पोचवतो, तो या चार बाह्यांच्या क्रॉसमुळे. प्रत्येक बाहीवर एक कप, आणि कपात सुईसारख्या बारीक बेअरिंगांची रांग. या सुयांना ग्रीस मिळाले तर क्रॉस वर्षानुवर्षे चालतो. न मिळाल्यास बाहीवर चरे पडतात, ढिलाई येते, शाफ्ट मध्यावरून सरकतो आणि थरथर सुरू होते.

आपल्या इगतपुरी तालुक्याचा पाऊस सर्वांना माहीत आहे. चार महिने गाडी चिखल-पाण्यातून फिरते, नाहीतर दारात उभी राहते. कपाच्या सीलमधून पाणी आत शिरते, जुने ग्रीस धुऊन जाते आणि सुया गंजतात. अशा गाडीवर हंगामाच्या पहिल्याच दिवशी आपण पूर्ण भार टाकतो. क्रॉस मोडतो जानेवारीत, पण त्याचे दुखणे बहुधा श्रावणातले असते.

थरथर कुठली आहे हे ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. थोडा हिशेब लागतो. ताशी 60 किलोमीटर म्हणजे मिनिटाला 1 किलोमीटर. ट्रकचे मोठे चाक एका फेऱ्यात सव्वातीन मीटरच्या आसपास जाते, म्हणजे मिनिटाला 300 च्या आसपास फेरे. डिफरन्शियलचे प्रमाण सहास एक धरले तर शाफ्ट त्याच वेळी 1,800 च्या पुढे फिरतो. म्हणून चाकाचा दोष सेकंदाला पाच हिसक्यांसारखा, डुचमळल्यासारखा जाणवतो. शाफ्टचा दोष सेकंदाला तीस वेळा येतो, म्हणजे बारीक आणि घुमणारा. हा फरक मला आधी कळला असता तर दोन टायरांचे पैसे वाचले असते.

दुसरी परीक्षा रिकाम्या गाडीने, सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर करावी. ज्या वेगाला थरथर येते तोच वेग ठेवून गिअर बदलून बघा. इंजिनचे फेरे बदलले तरी थरथर तितकीच राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टात किंवा चाकात आहे. उभ्या गाडीत रेस केल्यावरही थरथर आली तर इंजिन किंवा क्लचकडे बघा. भरलेली गाडी उठतानाच थरथरत असेल आणि वेग घेतल्यावर थांबत असेल, तर सेंटर बेअरिंगचे रबर किंवा शाफ्टचा कोन तपासा. हळू चालताना चिमणीसारखे चूंचूं वाजत असेल तर क्रॉस कोरडा पडला आहे. गिअर टाकताना किंवा रिव्हर्स घेताना टक् वाजले तर कुठेतरी ढिलाई आहे. ती क्रॉसमध्ये असेल, स्लिप जॉइंटमध्ये असेल नाहीतर डिफरन्शियलमध्ये. कोठे ते खाली शिरूनच कळते.

खाली शिरण्यापूर्वी गाडी सपाट जागी घ्या, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवा आणि मगच न्यूट्रल करा. एका हाताने फ्लँज धरा, दुसऱ्याने शाफ्ट. वर-खाली हलवा, मग पिळून बघा. कपात हाताला जाणवेल इतकी ढिलाई असली तर तो क्रॉस गेला, त्यावर चर्चा नको. कपाभोवती लालसर भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या घासताहेत असे समजा. फ्लँजचे बोल्ट, पाइपाला पडलेला पोचा आणि शाफ्टावर वेल्ड केलेली तोलाची पट्टी जागेवर आहे की नाही हेही बघा. ग्रीस भरताना चारही कपांतून नवे ग्रीस बाहेर आले पाहिजे. तीनच कपांतून आले तर चौथा उपाशी आहे, आणि गाडी अडणार ती त्या चौथ्यापायी. काही नव्या गाड्यांना कायमचे ग्रीस भरलेले क्रॉस येतात, त्यांना निपल नसतो. तेथे ग्रीस भरायचे नसले तरी हलवून बघायचे आहेच.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. कोनात फिरणारा एकटा क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा फरक उलटा घालून मिटवतो. पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. म्हणून शाफ्ट उघडण्याआधी खुणा कराव्यात. स्लिप जॉइंट दोन दाते सरकवून बसवला तर नवा क्रॉस टाकूनही गाडी थरथरते आणि मालक सुट्या भागाला शिव्या देतो. जादा भार घेता यावा म्हणून आपण पाट्यांत एखाद-दुसरा पाटा वाढवतो. त्याने हौसिंगची बैठक आणि शाफ्टचा कोन बदलतो. म्हणजे ज्या उपायाने भार पेलायचा त्यानेच क्रॉस मरतो.

आता कोणी म्हणेल, हा ट्रकमालकाचा प्रश्न, सभासदांच्या पत्रिकेत कशाला? याचे उत्तर प्रत्येकाच्या ऊस बिलात आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्याच ऊसदरातून जातो. गाडी वाटेत अडली की तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, साखरही उतरते. आणि काट्यावर जे वजन भरते त्याचेच पैसे मिळतात. माझा शाफ्ट पडला त्या रात्रीचा ऊस माझा नव्हता, शेजारच्या शेतकऱ्याचा होता. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गव्हाणीत पडला. त्या माणसाने मला एका शब्दाने बोल लावला नाही, तेच मला जास्त लागले.

वजनापेक्षाही मोठी गोष्ट जिवाची. घाटात शाफ्ट सुटला की इंजिनचा आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लोंबता शाफ्ट आपटून ब्रेकच्या हवेचे पाइप तोडू शकतो. पुढच्या बाजूने पडलेला शाफ्ट रस्त्यात रुततो. काही जुन्या गाड्यांचा हँडब्रेक शाफ्टवरच असतो, तो त्या क्षणी निकामी होतो. कसारा घाट ज्याने भरल्या गाडीने उतरला आहे त्याला यापुढे सांगायला नको. समृद्धी महामार्ग 2025 साली इगतपुरीपासून आमण्यापर्यंत खुला झाला, तेव्हापासून एकसारख्या वेगाने लांब पल्ला मारता येतो. पण अधू शाफ्ट त्या वेगात तासन् तास थरथरत राहतो, हेही ध्यानात ठेवावे.

दोष नुसता मालक-ड्रायव्हरांचा नाही. "गाडी भरलीच आहे तर आणखी चार मोळ्या टाक," असे फडात उभे राहून म्हणणारे आपणच असतो. खेपेमागे टनावर पैसे मिळणार असतील तर मालक भार कमी कशाला करील? आणि फेऱ्या मोजणाऱ्या ड्रायव्हरला ग्रीस गन हातात घ्यायला वेळ कोणी द्यायचा?

म्हणून संचालक मंडळाने पुढील सूचनांचा विचार करावा अशी विनंती आहे. वाहतुकीचा करार करताना आपण गाडीची कागदपत्रे बघतो, तशी शाफ्ट, क्रॉस आणि सेंटर बेअरिंगची तपासणीही व्हावी. त्यासाठी यार्डात एक खड्डा आणि कारखान्याचा एक फिटर पुरे. नंबर लागेपर्यंत गाड्या यार्डात तासन् तास उभ्या असतात. त्याच वेळात आठवड्यातून एकदा ग्रीस भरून कार्डावर तारीख टाकता येईल. शाफ्टखाली लोखंडी पट्ट्याचा फास प्रत्येक गाडीला असावा, म्हणजे क्रॉस तुटला तरी शाफ्ट रस्त्याला लागणार नाही. आणि भरल्या मोळ्यांवर माणसे बसवणे कायमचे बंद व्हावे.

ज्यांच्याकडे ट्रक नाही त्यांनी आपल्या ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरचा शाफ्ट बघावा. त्यालाही हेच क्रॉस आहेत, आणि तो उघडा फिरत असेल तर धोतर-लुगडे ओढायला त्याला क्षणही लागत नाही. त्यावरचे झाकण आधी जागेवर बसवा.

क्रॉस मोडण्याआधी पुष्कळ दिवस बोलत असतो. टक् म्हणतो, चूंचूं करतो, थरथरतो. माझ्या ड्रायव्हरने त्याचे बोलणे ऐकले होते, मी ऐकले नाही. येत्या खंडेनवमीला बोनेटला हार जरूर घाला. पण त्याआधी अंगावर जुने कपडे चढवून पाच मिनिटे गाडीखाली जा.

— एक ऊस उत्पादक सभासद, घोटी (ता. इगतपुरी)