पहिली उन्हाळी सफर : सह्याद्री पाहा, पण पाण्याच्या मागाने

१. परीक्षा संपल्या आणि वाहन चालवण्याचा परवाना हाती आला, की पुण्यातल्या मित्रमंडळींत एकच चर्चा सुरू होते : गाडी काढून पहिल्यांदा जायचे कुठे? उत्तरेही ठरलेली असतात. लोणावळ्याचे पॉइंट, पाचगणीचे टेबललँड, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. इतिहासाची गोडी असलेल्यांनी पहिली सफर तरी निराळी आखावी, असे माझे मत आहे. त्यासाठी हा धागा.

२. मार्ग असा : पुणे–मुळशी–ताम्हिणी घाट–माणगाव–महाड–रायगड–पुन्हा महाड–वरंध घाट–भोर–पुणे. एका घाटाने कोकणात उतरायचे, दुसऱ्याने देशावर चढायचे. साधारण तीनशे किलोमीटर, तीन दिवस, दोन मुक्काम. या वर्तुळातली स्थळे एका सूत्राने बांधलेली आहेत आणि ते सूत्र आहे पाणी.

३. पहिला आक्षेप ठाऊक आहे : ‘ताम्हिणी म्हणजे पावसाळा. मे महिन्यात तिथे काय पाहायचे?’ पावसाळ्यात घाट सुंदर दिसतो, हे खरे. पण धुके, निसरडा रस्ता, दरडी आणि गर्दी हे नवशिक्या चालकाचे सोबती नव्हेत. शिवाय हिरवळ बरेच काही झाकते. उन्हाळ्यात कातळ उघडा पडतो, जुनी बांधकामे दिसतात, जलाशय मागे हटतात. इतिहासाच्या वाचकाला ही नग्न भूमीच अधिक बोलकी वाटेल.

४. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर राज्यातला सर्वाधिक पाऊस पडतो. तरीही मुळशी, भोर, महाड, पोलादपूर या तालुक्यांतल्या अनेक वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत पाणी पुरत नाही. बसाल्टचा कातळ पाणी फारसे मुरू देत नाही आणि तीव्र उतार ते थांबू देत नाही. चार महिने धो धो आणि उरलेले वर्ष शोधाशोध, हे या मुलखाचे प्राक्तन. ते समजल्याशिवाय येथील इतिहासही समजत नाही.

५. पहिला दिवस. चांदणी चौक, पिरंगुट, पौड मागे टाकून मुळशीला पोहोचलात, की निळ्या जलाशयाकाठी गाडी थांबेल आणि छायाचित्रे निघतील. निघू द्या. मग क्षणभर मनात आणा की समोरच्या पाण्याखाली शेते आणि वस्त्या होत्या. मावळच्या भातशेतीचा हा उत्तम पट्टा टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी संपादित करण्यात आला.

६. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. म्हणजे असाच उन्हाळा. त्या दिवशी मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि मुळशी सत्याग्रहाला आरंभ झाला. अभ्यासकांनी त्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट याच लढ्यामुळे ‘सेनापती बापट’ झाले. १९२४ मध्ये त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण मात्र झालेच.

७. पुणेकरांनी येथे एक कटू गोष्टही लक्षात घ्यावी. बुडणाऱ्या जमिनींपैकी अनेक पुण्यातल्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. त्यांना जमीन वाचवण्यापेक्षा वाढीव मोबदल्यात अधिक रस होता. कसणाऱ्याचे दुःख आणि मालकाचे हित यांतली ही दरी सत्याग्रहाला भोवली. लढा केवळ सरकार आणि कंपनी यांच्या बळापुढे हरला, असे म्हणणे म्हणजे आपल्याच शहराला सोयीस्कर सूट देणे होय.

८. आता ताम्हिणी उतरा. चालकाला सूचना : उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवा. सतत ब्रेक दाबून उतरल्यास ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. चढणाऱ्या वाहनाला वाट द्या. रस्ता उतरत असताना शेजारच्या डोंगरातून मुळशीचे पाणीही उतरत असते. मुळा नदीचे जे पाणी पूर्वेला पुण्याकडे वाहत आले असते, ते सुमारे पाचशे मीटर खाली भिरा येथे पाडून वीज निर्माण होते. ती वीज मुंबईसाठी आणि पाणी कुंडलिकेतून अरबी समुद्राला. कोलाडला तुम्ही ज्या प्रवाहात राफ्टिंग करता, तो भिऱ्याहून सोडलेल्या पाण्यावरच चालतो. मावळ्यांच्या शेतांवरचे पाणी शंभर वर्षांनी तुमच्या करमणुकीपर्यंत असे पोहोचते.

९. माणगावहून मुंबई-गोवा महामार्गाने संध्याकाळपर्यंत महाड गाठा आणि थेट चवदार तळ्यावर जा. मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने तो मान्य केला आणि तळे कागदावर खुले झाले. प्रत्यक्षात घोट घेण्याची हिंमत कोणी करू शकत नव्हते.

१०. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. मार्चमधल्या कोकणातल्या उकाड्यात, परिषदेसाठी आलेल्या या माणसांकरिता चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते आणि शहराच्या मधोमध तळे भरलेले होते. सत्याग्रहानंतर प्रतिनिधींवर हल्ले झाले, तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ करण्यात आले, नगरपालिकेने आपला ठराव त्याच वर्षी मागे घेतला. न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला. अखेर मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

११. सकाळी मुळशी, सायंकाळी महाड. दोन्ही घटनांमध्ये सहा वर्षांचेही अंतर नाही. पहिल्या ठिकाणी दूरच्या शहरासाठी शेतकऱ्याची जमीन पाण्याखाली गेली. दुसऱ्या ठिकाणी शेजाऱ्यानेच शेजाऱ्याला पाणी नाकारले. पुस्तकांत ही दोन प्रकरणे दोन वेगळ्या कप्प्यांत असतात : एक विस्थापनाचे, दुसरे जातिअंताचे. एका दिवसात दोन्ही ठिकाणी उभे राहिलेला मनुष्य ती पुन्हा वेगळी करू शकत नाही. माझ्या मते हीच सफरीची खरी कमाई.

१२. दुसरा दिवस रायगडाचा. पहाटे निघा आणि उन्हे तापण्याआधी गड चढा. पायऱ्या हजाराहून अधिक आहेत. न जमल्यास रोपवे आहे, त्यात कमीपणा मानू नका. पायथ्याच्या पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. राज्याभिषेकानंतर अवघ्या काही दिवसांत, १७ जून १६७४ रोजी त्यांचे निधन झाले. तेथील वाड्यात ‘तक्क्याची विहीर’ आहे. विहिरीच्या काठावर दगडी तक्क्यासह बैठक घडवलेली आहे. राज्यकर्ता पाणवठ्यापाशी बसतो, ही कल्पनाच किती बोलकी!

१३. गडावर सगळे होळीचा माळ, राजसदर, हिरकणी बुरूज पाहतात. तुम्ही गंगासागर, कुशावर्त आणि हत्ती तलाव या तळ्यांनाही तेवढाच वेळ द्या. जगदीश्वर मंदिरापाशी गडाचे बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचा शिलालेख आहे. त्यात वाड्यांच्या बरोबरीने विहिरी आणि तळ्यांचाही निर्देश आहे. तळे खोदताना निघालेला दगड तटाला आणि वाड्यांना, खोदल्याजागी पावसाचे पाणी, असा दुहेरी हिशेब दुर्गबांधणीत असे. आठ महिन्यांची तहान चार महिन्यांत साठवण्याचे ते शास्त्र होते.

१४. आणखी एक संदर्भ. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक ज्येष्ठातला, पावसाच्या तोंडावरचा. त्यासाठी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन मे महिन्यात मुंबईहून निघाला आणि चौलमार्गे रायगडाला आला. म्हणजे या मुलखातल्या उन्हाळी सफरीला साडेतीनशे वर्षांची परंपरा आहे! राज्याभिषेकाच्या तयारीत हजारो माणसे, जनावरे आणि पाहुणे गडावर असताना, वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत ही तळी पुरली. मे महिन्यात गंगासागराच्या काठावर घामाघूम होऊन उभे राहिल्यावरच या व्यवस्थापनाचे मोल कळते. श्रावणात गेलात तर तेथे केवळ सुंदर तळे दिसेल.

१५. तिसरा दिवस. महाडहून वरंध घाटाने भोरकडे चढा. निघण्यापूर्वी घाट सुरू आहे ना, याची स्थानिक चौकशी अवश्य करा. दरडी किंवा दुरुस्तीमुळे तो बंद असू शकतो. तसे झाल्यास पोलादपूर–आंबेनळी–महाबळेश्वर–वाई हा पर्याय आहे. मात्र त्यात भोर हुकेल. वाटेत वेळ असेल तर शिवथरघळ पाहावी. समर्थ रामदासांनी दासबोध तेथे रचला, अशी परंपरा आहे. माथ्यावर वाघजाईच्या देवळापाशी चहा-भजी घ्या आणि मागे वळून पाहा : जो कडा तुम्ही चढून आलात, त्यानेच कोकण आणि देश यांचे पाणी वेगळे केले आहे.

१६. भोरजवळ भाटघर धरण आहे. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाला गव्हर्नर लॉइड यांचे नाव देण्यात आले होते. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती-फलटणकडच्या अवर्षणप्रवण पट्ट्याला मिळाले, तेथे ऊस उभा राहिला, कारखाने निघाले. हे कल्याण खोटे नाही. पण वरच्या खोऱ्यातली जमीन त्यासाठी बुडाली, हेही खोटे नाही. जलाशय आटला, की कांबरे गावचे कांबरेश्वराचे प्राचीन मंदिर पाण्याबाहेर येते आणि गावकरी दर्शनाला जातात. वर्षाचे बरेच महिने पाण्याखाली राहणाऱ्या या देवाला भेटण्याचा ऋतू उन्हाळाच.

१७. कोणी म्हणेल, ‘सहलीला जायचे की व्याख्यानाला? सुट्टीत तरी मोकळे सोडा!’ आक्षेप योग्य आहे. प्रत्येक वळणावर इतिहास सांगणारा सोबती मलाही नकोसा होतो. म्हणून दिवसाला दोनच स्थळे ठेवली आहेत. उरलेला वेळ करवंदे खाण्यात, आंबे चोखण्यात आणि झाडाखाली आडवे होण्यात घालवावा. फक्त जे पाहाल ते ‘लेक व्ह्यू’ म्हणून पाहू नका. त्या शब्दाने गावाचे नावच पुसले जाते.

१८. जाताना काही पथ्ये. पिण्याचे पाणी पुण्याहूनच पुरेसे भरून न्या. वाडीतल्या विहिरीवर वा टँकरच्या टाकीवर गाडी धुऊ नका, अंघोळीचा हट्ट धरू नका. त्या हंड्यासाठी कोणी बाई डोंगर उतरून आलेली असते. अंधारात घाट चालवू नका. टायर, ब्रेक, कूलंट तपासून घ्या. जलाशयात उतरू नका, गाळ फसवा असतो. आणि वाटेत म्हातारे माणूस भेटले, तर ‘बाबा, धरणाआधी गाव कुठे होते?’ एवढेच विचारा. पुढचे ते सांगतील.

१९. परतताना कात्रजवरून पुण्यात शिराल. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणले गेले. आज आपल्या नळाला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर यांचे पाणी येते. त्या प्रत्येक जलाशयाच्या तळाशीही कोणाची तरी जमीन आहे. तीन दिवसांनी घरी येऊन पहिला पेला भराल, तेव्हा त्या जमिनीची आठवण झाली, तर सफर सार्थकी लागली असे मी समजेन.