गाडीच्या पडवीतले कपाट

मैत्रिणींनो, शहरात ज्याला गॅरेज म्हणतात ती जागा आमच्या रेडीत बहुधा घरालगतची पडवी असते, नाहीतर जुन्या मांगराला दार लावून केलेली खोली. गाडी एका बाजूला आणि घरात नको झालेले बाकी सगळे दुसऱ्या बाजूला! कोयती, पारय, रंगाचे डबे, खताची पोती, गणपतीच्या माटवीची चौकट. मग कधीतरी कपाट करायचे ठरते. मेस्त्री माप विचारतो, घरातले पुरुष भिंतीकडे बोट दाखवून मोकळे होतात, आणि पुढे वर्षानुवर्षे तिथल्या वस्तू शोधत बसायचे ते आपण. म्हणून म्हणते, या कपाटाचा आराखडा आपणच करावा.

आधी गाडी नेहमीच्या जागी उभी करून तिची सगळी दारे उघडा आणि जमिनीवर खडूने रेघ मारा. रेघेच्या पलीकडे उरेल ती कपाटाची जागा. खोली एक ते सव्वा फूट पुरे. त्याहून खोल कपाटात मागची वस्तू गेली ती गेलीच. दार उघडायला जागा नसेल तर सरकती दारे करून घ्या.

कपाट जमिनीपासून निदान एक फूट उंच हवे. आपल्याकडच्या पावसात फरशीला ओल येते, वाळवी खालूनच चढते. शिवाय खाली झाडू फिरला पाहिजे. कोकणात फुरसे काही नवीन नाही. दगड, लाकडे, पोती यांच्या अडगळीत ते बसून राहते. खालची जागा मोकळी अन् उजेडाची असली की हात घालण्यापूर्वी दिसते तरी. चिऱ्याची भिंत पाणी शोषते, तेव्हा कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा आणि दारांना थोडी जाळी लावा, म्हणजे आत वारा खेळेल.

प्लायवूड घ्यायचे तर पाण्यात टिकणारे, म्हणजे आयएसआय छापाच्या वर ७१० हा आकडा असलेले पाहून घ्या. बिजागऱ्या आणि कड्या पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या. साध्या लोखंडाला इथली खारी हवा फार दिवस टिकू देत नाही.

आता कप्पे. रोजची हत्यारे कमरेच्या उंचीवर, पण धारेची पाती म्यानात किंवा जाड कापडात गुंडाळून. माटवीची चौकट, चौरंग अशा वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू सर्वांत वर. एक फळी फक्त वादळवाऱ्यासाठी ठेवा. तिथे बॅटरी, मेणबत्त्या, दोर, ताडपत्री. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले, तेव्हा अंधारात या वस्तू शोधताना किती जणींची धांदल उडाली असेल!

सर्वांत महत्त्वाचा तो कुलपाचा कप्पा. कीटकनाशक, उंदराचे औषध, थिनर, ॲसिड, रॉकेल उरले असेल तर तेही, सगळे यात. नुसते उंच ठेवून भागत नाही. शाळेत मी रोज पाहते, रंगीत बाटली दिसली की मूल स्टूल ओढून चढतेच. आणि हो, असले औषध शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कधी म्हणजे कधी ओतू नका. मुलाला ती बाटली सरबताचीच वाटणार. चुकून कुणी रॉकेल किंवा थिनर प्यायलेच तर उलटी करवू नका, मिठाचे पाणी पाजू नका. उलटी होताना ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. बाटली बरोबर घ्या आणि तडक दवाखाना गाठा, नाहीतर १०८ ला फोन करा.

काही वस्तूंना मात्र या कपाटात जागाच नाही. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना पेट घेणारा वायू सोडते, ती मोकळ्या हवेतच हवी. गॅसचा सिलिंडर बंद कपाटात ठेवू नये. पेट्रोल घरात साठवूच नये. काजूबिया, सुपारी, तांदूळ खता-औषधांच्या शेजारी नकोत. पोते फाटते, डबा गळतो आणि विष पोटात जाते. त्यांची सोय वेगळ्या खोलीत करा. युरियाला ओल धरते आणि त्याने लोखंड गंजते, तेव्हा तो हत्यारांपासून लांब, झाकणाच्या डब्यात ठेवावा.

हे सगळे मिरगाच्या आधी उरका. ओले लाकूड फुगले की दारे बसत नाहीत. मेस्त्रीला पैसे देण्यापूर्वी प्रत्येक दार स्वतः दोनदा उघडून पाहा. आणि कुलपाच्या किल्ल्या दोन करून घ्या, एक तुमच्याजवळ अन् एक सासूबाईंजवळ. खुंटीला मात्र एकही टांगू नका!