उताऱ्याखालचे प्रश्न
पदवीच्या पहिल्या वर्षाला सक्तीचं इंग्रजी, त्यात उतारा आणि खाली प्रश्न. मुलं प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात हुडकतात आणि ते अख्खं वाक्य उतरवून काढतात. उतारा न वाचताच मार्क मिळतात! दोष मुलांचा नाही, असले प्रश्न काढणाऱ्यांचा आहे. त्यापेक्षा बाबासाहेब आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं इंग्रजी भाषण वाचायला द्या. राजकारणात समता, समाजात विषमता हा त्यातला विषय आपल्या मुलांच्या ओळखीचा. त्या आधारावर अडलेल्या शब्दांचा अर्थ ती स्वतः लावू शकतात. मग विचारा, बाबासाहेबांना धोका कशात दिसतो? त्यासाठी भाषण सगळंच वाचावं लागतं. चर्चा खुशाल मराठीत होऊ द्या. प्राध्यापकांनो, यंदाच्या पेपरात असा एक तरी प्रश्न घाला.