दिवाळीच्या किल्ल्यावरील घोडदळ

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक आठ वर्षांचा मुलगा आजोबांसह माझ्या दवाखान्यात आला होता. आदल्या दिवशी त्याने आपल्या अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय पाहिले होते. आजोबांचा रक्तदाब मोजत असताना त्याने विचारले, "डॉक्टरकाका, रणगाड्यांच्या पलटणीला 'पूना हॉर्स' का म्हणतात? घोडे कुठे गेले?"

उत्तर आजोबांनी दिले, थोडे अडखळत. घोडदळाच्या जुन्या पलटणींनी घोडे सोडून रणगाडे घेतले, नावे मात्र जपली. सिंद हॉर्सने १९३८ मध्ये घोड्यांचा निरोप घेतला. १९७१ च्या युद्धात परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले अरुण खेत्रपाल पूना हॉर्सचेच. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये हे संग्रहालय उभे केले, तेव्हा आजोबा शाळेत इतिहास शिकवीत होते.

सहा महिन्यांपूर्वी या गृहस्थांना पक्षाघात झाला होता. उजव्या हाताच्या व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू त्यांनी कपाटात टाकला होता. "हे काय पोरखेळ!" असे त्यांचे म्हणणे. मी म्हणालो, "मग खरा पोरखेळच करा. नातवाच्या किल्ल्यासाठी मातीचे घोडे करून द्या."

यामागे वैद्यकीय कारण आहे. दुर्बल हाताला हेतूपूर्ण कृतीची पुनरावृत्ती लागते. नुसते दाबणे-सोडणे मनाला कंटाळवाणे होते. चिकणमाती मळताना मनगट आणि तळवा काम करतात, पाय वळताना बोटे सरळ होतात, कान चिमटताना अंगठा व तर्जनी जुळतात. घोड्याचे पाय फार बारीक करू नयेत, धडाच्या भाराने ते वाकतात. आत खराट्याची काडी घालावी. आयाळ काढायला जुना कंगवा पुरतो.

घरच्यांनी काही गोष्टी पाहाव्यात. रुग्णाला जमिनीवर न बसवता टेबलापाशी, पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसवावे. माती कोमट पाण्यात भिजवावी. दहा-पंधरा मिनिटांनी विश्रांती द्यावी. दुबळा हात ओढू नये, खांदा दुखावतो. सांधे सुजून गरम झाले असतील तर त्या दिवशी माती दूरच बरी. मधुमेहात बोटे बधिर असल्यास काडी टोचलेली कळत नाही. ते काम नातवाकडे द्यावे आणि नंतर हात धुऊन बोटे नीट पाहावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सुनेने घोडा "नीट" करून देऊ नये. (हा मोह फार असतो, विशेषतः पाहुणे येणार असले की.)

चेहरा अचानक वाकडा झाला, हात गळाला किंवा बोलणे अडखळले, तर घरी थांबू नये. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन करावा लागतो.

संग्रहालयात ज्येष्ठांना न्यायचे असेल तर सकाळी न्यावे. रणगाडे उघड्यावर आहेत, दुपारी लोखंड तापते. टोपी, पाणी आणि काठी सोबत असू द्यावी.

आजोबा चहाचा पेला अजूनही डाव्या हातानेच धरतात. सदऱ्याची वरची दोन बटणे मात्र आता स्वतः लावतात. त्यांनी केलेल्या पाच घोड्यांपैकी एकाचा पाय आखूड झाला होता. नातवाने त्याला किल्ल्याच्या बुरुजाला टेकवून उभे केले आणि तोच सेनापतीचा घोडा ठरवला.