दात बाळाचे, जागरण कुणाचं?

"दात येताहेत ना त्याला, मग चालायचंच!" टेंभी नाक्याजवळ भरलेल्या आमच्या गटाच्या बैठकीत एक मैत्रीण लागोपाठ तिसऱ्या खेपेला बसल्या जागी पेंगली, तेव्हा शेजारच्या काकू असं म्हणाल्या आणि विषय संपला. सगळ्या हसल्या, तीही हसली. तिचा मुलगा आठ महिन्यांचा. सकाळी सातच्या आत घरातलं आटोपून ती चालत ठाणे स्टेशन गाठते आणि लोकलच्या गर्दीत दांडीला धरून उभ्या उभ्या झोप काढते. दोन महिने हे असं चाललं आहे. मला काकूंचं ते 'चालायचंच' फार खटकलं. दात येताहेत बाळाला, चालवून घ्यायचं ते मात्र हिने एकटीने.

तेव्हा आधी दाताचाच हिशेब करू या. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो, बहुधा खालच्या पुढच्या दोनांपैकी एक. कुणाला तो चौथ्याच महिन्यात येतो, तर कुणाला वर्ष होत आलं तरी पत्ता नसतो. मग अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे २० दात येत राहतात. दात वर येताना लाळ गळते, हिरडी सुजते, बाळ मिळेल ते चावतं, किरकिरतं, रात्री जागं होतं. हे खरंच आहे. पण किती दिवस? अमेरिकेत सव्वाशे बाळांच्या रोजच्या नोंदी ठेवून केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात हा काळ आठ दिवसांचा निघाला : दात दिसण्याआधीचे चार, दाताचा एक आणि नंतरचे तीन. जोराचा ताप आणि उलट्या-जुलाब यांचा दाताशी संबंध आढळला नाही.

मग दोन-दोन महिने बाळ रात्री उठतं ते कशाने? याच वयात आई डोळ्यांआड झालेली त्याला कळू लागते, वरचं खाणं सुरू होतं, रांगायची धडपड चालते. शिवाय या वयात रात्री एक-दोनदा जाग येणं हा मुळात आजारच नाही. पण दात डोळ्यांना दिसतो, म्हणून सगळं त्याच्या नावावर जमा होतं.

हे कधी कधी महागात पडतं. गटातल्याच दुसऱ्या एकीच्या मुलीला जुलाब लागले. "दाताचे आहेत, आपोआप थांबतील," असं घरात ठरलं. तिसऱ्या दिवशी पोरीचे डोळे खोल गेले, लघवी होईना, तेव्हा कुठे दवाखाना आणि सलाईन. पोर वाचली. नंतर "तुला कसं कळलं नाही?" हा प्रश्न मात्र तिच्या आईलाच विचारला गेला, थांबायचं ठरवणाऱ्यांना नाही. दाताच्याच वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत जाते आणि बाळ जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं, त्यातून जुलाब होतात. त्यावर जलसंजीवनी द्यायची, अंगावरचं दूध चालू ठेवायचं आणि ताप १००च्या वर गेला किंवा बाळ मलूल दिसलं तर दाताकडे न बघता डॉक्टरांकडे जायचं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मृत्यूच्या नोंदींत 'दात येणे' हे कारण सर्रास लिहीत असत. आपणही मनातल्या मनात अजून तेच लिहितो आहोत.

बाळाने झोपावं म्हणून आपल्याकडे काय काय केलं जातं! टाकणखाराची लाही मधात कालवून हिरडीला लावतात. टाकणखार बाळाच्या पोटात जाऊ नये आणि वर्षाच्या आत मधही देऊ नये. कुणी जायफळ जरा जास्तच उगाळतं. कुणी हिरडी बधिर करणारं जेल आणतं. त्यातल्या बेन्झोकेनमुळे क्वचित रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, म्हणून दोन वर्षांखालच्या मुलांना ते लावू नका असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बजावलं. स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी चोळणं किंवा गार पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं चावायला देणं, एवढं बहुतेक वेळा पुरतं.

आणि अफू? तिची गोष्ट दाताची नाही, पण झोपेचीच आहे. मुंबईच्या कामगार स्त्रियांच्या बाळंतपणांची पाहणी सरकारने डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंकडे सोपवली होती. १९२२ साली त्यांचा अहवाल आला. या बायकांच्या ९८ टक्के बाळांना अफू दिली जाते असं त्यात होतं. त्या आया काही क्रूर नव्हत्या. गिरणीत जायचं, बाळाला सांभाळायला कुणी नाही, मग त्याला झोपवून जाण्याखेरीज करणार काय? १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेतली आणि १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. बाळाची झोप हा कामगार कायद्याचाही प्रश्न आहे, हे तेव्हा कुणाला तरी कळलं होतं.

२०१७च्या दुरुस्तीने ही रजा २६ आठवड्यांची झाली. त्यातले आठ बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे आई कामावर परतते तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचं असतं. रजा संपायला आणि दात यायला एकच गाठ! पन्नास किंवा अधिक माणसं असतील तिथे पाळणाघराची तरतूदही त्याच दुरुस्तीने आली. पण चार घरची धुणीभांडी करणारीला ना ही रजा, ना पाळणाघर, आणि रात्री तीही उठतेच.

नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला रात्री उशिरापर्यंत रांगा लागतात. मांडवात पुरुषमंडळी जागतात, त्या जागरणाचं कौतुक होतं. घरातल्या जागरणाला नावसुद्धा नाही.

"दूध तिच्यापाशी, मग तीच उठणार," असं म्हणतात. पण सहा महिन्यांनंतरची प्रत्येक जाग भुकेची नसते. लंगोट बदलायला, खांद्यावर घेऊन थोपटायला, हिरडी चोळायला दूध लागत नाही. काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने बाबालाही पाजता येतं. "आम्ही नाही का केलं?" असं सासूबाई म्हणतात, त्यात मला टोमण्यापेक्षा जुनी तक्रारच जास्त ऐकू येते. त्यांचीही कुणी ऐकली नव्हती.

आम्ही त्या मैत्रिणीला एवढंच सुचवलं, की जो उठेल त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायची. महिन्याने ती कॅलेंडरचं पान घडी घालून घेऊन आली. ६४ वेळा उठणं झालं होतं. त्यातल्या नवऱ्याच्या खुणा पाच. दात खरोखर वर येत होता त्या रात्री आठ. नवऱ्याला हिशेब मान्य नव्हता. आपली एक खूण राहिली म्हणाला. विचारल्यावर कळलं, त्या रात्री तो पाणी प्यायला उठला होता. सध्या शुक्रवार आणि शनिवारची रात्र त्याच्याकडे आहे. बाकीच्या पाचांवर घरात बोलणी चालू आहेत.